गावाकडच्या कादंबऱ्या वाचायला सुरुवात कशी करायची

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाची मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला म्हणाली, "आत्या, तुझी ती बनगरवाडी मी चाळीस पानं वाचली, अजून काहीच झालं नाही, कधी होणार आहे?" मी विचारलं कुठे वाचलीस, तर म्हणे मेट्रोत, वनाज ते रामवाडी, रोज दहा पानं आणि कानात गाणी. मी कपाळाला हात लावला. पण नंतर वाटलं चूक तिची नाहीये, आपणच लोकांच्या हातात पुस्तक देतो, "वाच, लई भारी आहे" म्हणतो आणि मोकळे होतो. ते वाचायचं कसं हे कोणी सांगतच नाही. म्हणून तिला मेसेजमध्ये चार ओळी लिहायला बसले, त्या वाढत वाढत एवढ्या झाल्या.

आधी मला नेमकं काय म्हणायचंय ते सांगते. वाडी, खेडं, तालुक्याचं ठिकाण, बाजाराचं गाव, सगळं यात धरा. एक सोपी टेस्ट आहे, मनातल्या मनात ती गोष्ट उचलून ठाण्याच्या एखाद्या सोसायटीत ठेवून बघायची. तिथेही ती तशीच चालली तर गाव नुसतं मागच्या पडद्यासारखं आहे, आणि गाव काढलं की गोष्टच उभी राहत नसेल तर ती आपली कादंबरी.

आणि यात एवढं काय आहे म्हणाल तर, मी बार्शीत वाढले. नवी चप्पल घेतली तर संध्याकाळपर्यंत आईच्या भिशीत कितीला घेतली ते माहीत असायचं. वैताग यायचा. आता चौदा वर्षं पुण्यात आहे आणि खालच्या मजल्यावरचे काका काय करतात मला माहीत नाही, ते गेले तर सोसायटीच्या ग्रुपवर कळेल. गावाच्या कादंबरीत माणूस असा सुटा येत नाही, त्याचं कर्ज, त्याच्या बापाचं भांडण, त्याची बहीण कुठे दिलीये, गेल्या साली त्याचा बैल कशाने मेला, सगळं घेऊन येतो. त्यामुळे लेखकाला खून-मारामाऱ्या आणाव्याच लागतात असं नाही. शिंप्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी पुरतं, कारण ते कोणाकडे गेलं आणि का गेलं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि ते त्या शिंप्यालाही ठाऊक असतं.

पहिली पायरी, पुस्तक निवडणं. इथेच बरेच जण आपटतात, कारण कोणीतरी थेट जाडजूड पुस्तक सुचवतं. माझं मत असं की पहिलं पुस्तक पातळ पाहिजे आणि शक्यतो तुमच्या घरातल्या बोलीच्या जवळचं पाहिजे. आजोळ माणदेशात, सांगली-सोलापूरकडे असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी (१९५५) घ्या, आवृत्तीप्रमाणे सव्वाशे-दीडशे पानं. खरं तर आजोळ कुठलंही असलं तरी हीच घ्या. लातूर-धाराशिवकडचे असाल तर रा. रं. बोराड्यांची पाचोळा (१९७१), तीही छोटीच, शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून. विदर्भातले असाल तर उद्धव शेळक्यांची धग (१९६०). कोल्हापूरकडे आनंद यादवांची गोतावळा (१९७१), त्यात शेतावर राबणारा गडी आहे, त्याची जनावरं आहेत आणि एक दिवस मालक ट्रॅक्टर आणतो. बस, एवढीच गोष्ट, आणि मी रडले होते. कोकणातल्यांना श्री. ना. पेंडशांची गारंबीचा बापू (१९५२).

तुंबाडचे खोत पहिल्यांदा घेऊ नका. पेंडशांचीच आहे, १९८७ ची, दोन जाड खंड, जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या. फार मोठं काम आहे, पण ते नंतर. आणि हो, तुंबाड सिनेमा बघून ती मागवणारे भेटलेत मला, तर सांगून ठेवते, सिनेमाच्या गोष्टीचा आणि या कादंबरीचा काही संबंध नाही, यात हस्तर-बिस्तर कोणी नाही. माणसंच पुरेशी आहेत.

दुसरी पायरी भाषा, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच पुस्तक ठेवून देतात. मी स्वतः कॉलेजात असताना धग वीस पानांत सोडली होती. बोलणं सगळं वऱ्हाडी, मला वाटलं हे आपलं काम नाही. मग दोन वर्षांनी होस्टेलला अचलपूरची रूममेट आली, एकदा लाइट गेले होते म्हणून तिने त्यातली पानं मोबाइलच्या उजेडात मोठ्याने वाचली, आणि जे मला डोळ्यांनी कळत नव्हतं ते कानांनी पटकन कळलं! तेव्हापासून माझा नियम असा की बोलीतली पहिली तीस पानं मोठ्याने वाचायची. घरात कोणी असेल तर दार लावून वाचा, पण ओठ हलले पाहिजेत.

डिक्शनरी लागत नाही, चार-पाच खुणा कळल्या की गाडी सुरू होते. वऱ्हाडीत मला-तुला चं मले-तुले होतं, का म्हणजे काऊन, आणि ळ चा य होतो, म्हणजे डोया म्हटलं की डोळा आणि काया म्हटलं की काळा. एवढं माहीत असलं तरी धग निम्मी सोपी झाली. मराठवाड्यात "काय करायलास" म्हणजे काय करतोयस. कोल्हापूरकडे न्हाई, कवा, हितं, हे तर सिनेमांमुळे सगळ्यांनाच येतं, फक्त गोतावळात निवेदनसुद्धा त्याच बोलीत आहे, नुसते संवाद नाहीत, त्यामुळे पहिले दोन दिवस जड जातं आणि मग प्रमाण मराठीच परकी वाटायला लागते. कोकणाबद्दल मात्र एक घोळ आहे, सगळं कोकण मालवणी बोलत नाही. माका-तुका, खंय, झील, चेडू हे दक्षिणेकडचं. पेंडसे दापोलीकडचे, तिकडचं बोलणं वेगळं. जयवंत दळवींचं सारे प्रवासी घडीचे घेतलंत तर तुम्ही तळकोकणात आहात, आणि तिथे हसूनहसून पोट दुखेल.

अडलेला शब्द सोडून पुढे जायचं. तीन वेळा आला की आपोआप कळतो. नाहीच कळला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन करायचा, हा माझा आवडता प्रकार आहे. मी एकदा वडिलांना मोटेबद्दल एक शब्द विचारला आणि त्यांनी पाऊण तास त्यांच्या चुलत्याच्या विहिरीबद्दल सांगितलं, मूळ शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत सांगितलाच नाही.

तिसरी पायरी अगदी साधी, पुस्तकात एक कोरा कागद ठेवा. नाव आलं की लिहायचं, कोणाचा कोण, काय धंदा, घर कुठे. सुरुवातीला शाळेतल्यासारखं वाटतं पण गावातल्या कादंबरीत माणसं भसाभस येतात, कारण गावात तशीच भेटतात, रस्त्याने जाताना. बनगरवाडीतच बघा, मास्तर येतो आणि एकामागोमाग कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, अंजी असे सगळे येत राहतात आणि लेखक थांबून कोणाची ओळख करून देत नाही. तुम्ही नव्या गावात बदली होऊन गेलात तर पहिल्या आठवड्यात असंच होणार ना? मी तर कागदावर चुकतमाकत नकाशापण काढते, शाळा इथे, देऊळ इथे, पाणी इकडे. पाणी कुठे आहे ते नक्की लिहा. आणि गावाबाहेर कोण राहतं तेही लिहा, ते पुढे कामाला येतं.

यातच अजून एक प्रश्न स्वतःला विचारायचा, हे सांगतंय कोण? बाहेरून आलेला मास्तर सांगतोय, की आतलंच माणूस, की जाऊन परत आलेला? यावर सगळं ठरतं. बनगरवाडीत गाव मास्तरच्या डोळ्यांनी दिसतं, त्याला जे नवीन ते आपल्यालाही नवीन, म्हणूनच ती नवख्या वाचकाला चांगली. पाचोळात बाई घराच्या आतून सांगते, तिला गाव माहीतच आहे, ती तुम्हाला समजावून सांगणार नाही. आणि हमीद दलवाईंच्या इंधन (१९६५) मध्ये माणूस मुंबईहून बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परत येतो, त्याला वाटतं आपल्याला हे गाव माहीत आहे, आणि हळूहळू कळतं की नाही. हिंदू-मुसलमान एकाच गावात कसे राहतात आणि ते कशाने बिनसतं, इतकं थंडपणे लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही. पातळ आहे, पण पहिलं म्हणून नको, तिसरं-चौथं म्हणून घ्या.

चौथी पायरी थोडी कंटाळवाणी, पण दहा मिनिटांचं काम. गोष्ट कुठल्या सालातली आहे आणि तेव्हा जमीन कोणाची होती, एवढं बघून घ्यायचं. नाहीतर माणसं अशी का वागतायत तेच कळत नाही. कोकणातल्या कादंबरीत खोत येतो, शहरातल्या पोरांना ते आडनाव वाटतं. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा, आणि कुळं, म्हणजे प्रत्यक्ष जमीन कसणारी माणसं, त्याच्या मुठीत. याविरुद्ध अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून तब्बल सहा वर्षं जमीन न कसण्याचा संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करायचं बिल मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्यात १९४८ चा कुळकायदा, कसणाऱ्या कुळांच्या बाजूचा. आता हे डोक्यात ठेवून तुंबाड किंवा गारंबी वाचा, वाड्याच्या ओटीवर बसलेला माणूस नुसता रागीट म्हातारा राहत नाही, पायाखालची जमीन सरकतेय हे कळत असलेला माणूस होतो. आणि खाली अंगणात उभा असलेला माणूसही वेगळा दिसायला लागतो, तिकडे बघायला विसरू नका.

तसंच बनगरवाडीत राजा येणार म्हणून गडबड असते, तर तो परीकथेतला राजा नाही, तो भाग तेव्हा औंध संस्थानात होता आणि संस्थान १९४८ पर्यंत होतं. मला हे माहीत नव्हतं तेव्हा तो सगळा भाग जरा गोड-गोड वाटला होता. नंतर परत वाचला तेव्हा लक्षात आलं की धनगरांच्या वस्तीनं श्रमदानानं तालीम उभी करणं आणि खुद्द राजानं तिथे येणं, ही त्या माणसांच्या आयुष्यातली केवढी गोष्ट असेल.

पाचवी पायरी, वेग. इथे मला माझ्या भाचीचा मुद्दा घ्यायचाय, चाळीस पानं झाली तरी काही झालं नाही. अगं, झालं ना! मास्तर आला, मुलं नव्हती ती आली, लोक त्याच्याकडे शाळेचं सोडून घरची कामं घेऊन यायला लागले, म्हणजे गावाने त्याला आपला मानला. पण हे "झालं" म्हणून लिहिलेलं नाही, ते आपल्या लक्षात यावं लागतं. पुढे दुष्काळ येतो, हे आधी सांगितल्याने काही बिघडत नाही, आणि तेव्हा जे पोटात कालवतं ते त्या पहिल्या चाळीस पानांमुळेच. ती मेट्रोत गाणी ऐकत वाचली असतील तर दुष्काळ ही पेपरातली बातमी वाटेल.

म्हणून माझी पद्धत अशी, रोज एक प्रकरण, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. दोन प्रकरणं वाचायचा मोह झाला तरी शक्यतो एकच, दुसऱ्या दिवशी कामात असताना ती माणसं आठवली पाहिजेत. वीकेंडला बसून एका दमात संपवायची ही पुस्तकं नाहीत, म्हणजे संपतात, पण मग काही राहत नाही. ऑडिओबुक मिळालं तर मात्र जरूर घ्या, बोलीसाठी तर ते सगळ्यात चांगलं, फक्त वाचणारा त्या भागातला आहे का ते सँपल ऐकून ठरवा. पुण्यातल्या माणसाने आवाज जाड करून म्हटलेली वऱ्हाडी मी ऐकलीये, परत नको.

सहावी गोष्ट पायरी म्हणता येणार नाही, खड्डा आहे. तो म्हणजे हळवेपणा. गाव म्हटलं की आपल्याला सुट्टी, आंबे, आजीच्या हातचं आठवतं आणि आपण तसंच काहीतरी मिळेल म्हणून पुस्तक उघडतो. थोडंफार मिळतंही, गो. नी. दांडेकरांच्या पडघवलीत कोकणातलं घर, झाडं, सणवार असं काही लिहिलंय की वास येतो, पण तेही ओस पडत चाललेल्या गावाचं पुस्तक आहे. आणि धगमधली कौतिक, नवरा महादेव, त्याच्या हाताला काही लागत नाही आणि ही एकटी संसार ओढत राहते, यात आंबे-बिंबे काही नाही. सदानंद देशमुखांच्या बारोमास (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) मध्ये शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ आहे, ती वाचताना मला माझ्या वर्गातली चार पोरं नावानिशी आठवली. गावात सगळे एकमेकांना ओळखतात याची दुसरी बाजू म्हणजे गाव तुम्हाला सोडत नाही. तुमची जात सोडत नाही, बाई असाल तर तुम्ही कितीला घरी आलात हे सोडत नाही. अण्णाभाऊ साठ्यांची फकिरा (१९५९) वाचली की कळतं, गाव एकच असतं, वाटेगाव, पण मांगवाड्यातून बघितलं की पाटलाचा वाडा कसा दिसतो. म्हणून मी म्हणते एक पुस्तक वाड्याच्या आतून वाचलं की दुसरं वेशीबाहेरून वाचा. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा, पाणी कुठे लिहिलंय ते.

तालुक्याच्या गावाबद्दल थोडं वेगळं, कारण ते खेडंही नाही आणि शहरही नाही, आणि माझं तर तेच गाव. तिथे कॉलेज असतं, संस्थाचालक असतात, स्टँडसमोर लॉज असतो, आणि बाहेरून आलेला प्राध्यापक भाड्याच्या खोलीत राहून चिडत असतो. हे पाहिजे असेल तर भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील, बिढार (१९७५), जरीला (१९७७), झूल (१९७९) असा एका गावाहून दुसऱ्या गावाला नोकऱ्या करत फिरतो. लोक नेमाड्यांच्या कोसलावरच थांबतात, ठीक आहे, कोसला आहेच भारी, पण कॉलेजच्या स्टाफरूममधलं राजकारण वाचायचं तर इकडे या. मात्र मूड बघून, कारण चांगदेवची चिडचिड संसर्गजन्य आहे, जरीला वाचत असताना मी ऑफिसात दोन जणांशी भांडले होते.

आता पुस्तकं मिळवायची कुठून. बहुतेक नावं ऑनलाइन सहज मिळतात, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा. पण माझा सल्ला, आधी गावातल्या वाचनालयात जा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, त्यामुळे बऱ्याच तालुक्यांत अनुदानावर चालणारं एखादं तरी वाचनालय आहे, आणि या कादंबऱ्या तिथे पिवळ्या पडलेल्या, बायंडिंग केलेल्या सापडतात, समासात कोणीतरी पेन्सिलने "खरे आहे" असं लिहिलेलं असतं. मला एका वाचनालयात पाचोळाची शेवटची आठ पानं नसलेली प्रत मिळाली होती, काउंटरवरच्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "काय होतं ते मी सांगतो की," आणि खरंच सांगितलं, उभ्याने. परदेशात असाल तर जवळच्या महाराष्ट्र मंडळात विचारा, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ग्रंथ तुमच्या दारी उपक्रमातल्या पुस्तकांच्या पेट्या देशाबाहेरही गेल्या आहेत, तुमच्या शहरात एखादी असेल.

ऑर्डर विचारत असाल तर मी अशी लावेन: बनगरवाडी, मग तुमच्या बोलीतलं एक, मग फकिरा, मग इंधन, मग धग, मग गारंबीचा बापू, आणि सुट्टी मोठी असेल तेव्हाच तुंबाड. मध्ये कधीही कंटाळा आला तर दळवी.

भाचीने हे सगळं वाचलं, थम्सअप पाठवला आणि आठवडाभर काही बोलली नाही. मग एका रात्री साडेबाराला मेसेज, "आत्या, आनंदा रामोशी असा का गं?" मी उत्तर टाइप करतेय तोवर ती पुढे सरकलेली होती. मधली सगळी पुस्तकं गाळून ती आता तुंबाडच्या पहिल्या खंडात आहे, सेमिस्टर पुढच्या महिन्यात संपतंय, आणि तिच्या आईचा मला फोन येऊन गेला.